बीएला सायकॉलॉजी, भावना आणि मेंटल हेल्थ: बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं सारखे येणारे प्रश्न

मी खानापूरकडची. बेळगावात बीए केलं सायकॉलॉजी घेऊन, पुढे एमए. पीयूचा, म्हणजे आमच्याकडच्या बारावीचा, रिझल्ट लागला की माझ्या फोनवर तेच तेच मेसेज सुरू होतात, कुणाच्या मामेबहिणीचा, कुणाच्या शेजारच्या पोराचा, आणि दरवेळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून ठेवलं. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

१. सायकॉलॉजी म्हणजे येड्यांचं शिक्षण ना? घरात सगळे असंच म्हणतात.

माझी आज्जी पण म्हणायची, "येड्यांचं शिकाय लागलीस, उद्या तुलाच काय झालं तर?" तर नाही. बीएच्या तीन वर्षांत आजारांचा भाग एखाद-दोन पेपरचाच असतो. बाकी सगळं साध्या माणसाचं: लक्ष कसं लागतं, आठवण कशी राहते, पोर मोठं होताना काय बदलतं, घोळक्यात माणूस वेगळा का वागतो, राग-भीती-आनंद येतो कुठून. भावनांचा चॅप्टर बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षीच येतो आणि आजारांचा, म्हणजे ऍबनॉर्मल सायकॉलॉजीचा, नंतर. हा क्रम मुद्दाम आहे. साधी भीती काय असते ते कळल्याशिवाय भीतीचा आजार कळत नाही.

२. भावना, मूड आणि मेंटल हेल्थ, तिन्ही एकच ना?

भावना कशावर तरी असते आणि थोडा वेळ टिकते. बस चुकली, चिडलो, पुढची मिळाली, संपलं. मूड लांबतो आणि त्याला कारण सापडेलच असं नाही, सकाळपासून नुसतं कसंतरी होतंय म्हणतो ना आपण, ते. मेंटल हेल्थ ही तर त्याहून मोठी गोष्ट, रोजचं काम, माणसं, ताण हे सगळं माणूस कसं पेलतो ते. म्हणजे ज्याला खूप रडू येतं त्याची मेंटल हेल्थ खराब आणि जो कधी रडत नाही तो फिट, असलं काही नसतं, उलटंही असू शकतं.

३. पीयूला सायन्स किंवा कॉमर्स होतं, सायकॉलॉजी नव्हतीच. मिळेल का?

बहुतेक मिळते. पीयूला विषय असला तर पहिली सेमिस्टर सोपी जाते, एवढाच फायदा. पण आपल्या भागात खरी अडचण दुसरीच आहे, प्रत्येक डिग्री कॉलेजात हा विषय नसतो, आणि असला तरी कुठल्या विषयाबरोबर घेता येतो ते कॉम्बिनेशन ठरलेलं असतं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात जाऊन विचारा, प्रॉस्पेक्टसवर विसंबू नका. एका वर्षी आमच्यातल्या एकीला फी भरल्यावर कळलं की विषय कागदावर आहे पण शिकवायला माणूस नाही.

४. मी मराठी मीडियमचा. सगळी पुस्तकं इंग्लिश नाहीतर कन्नड. जमेल का?

जमेल, पण पहिले सहा महिने डोकं दुखेल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसतं इंग्लिशचं नाही हे. भावनांचे शब्द तीन भाषांत तीन मापांचे आहेत आणि आपण तिन्हीच्या मध्ये राहतो. मराठीत खिन्न म्हणजे संध्याकाळी उगाच वाटतं तेवढं, चहा घेतला की बरं वाटेल इतपत. कन्नडमध्ये मात्र डिप्रेशन या आजारालाच खिन्नते म्हणतात, सरकारी पोस्टरवर पण तेच असतं. संकट आपल्याकडे बाहेरून येतं, पूर, कर्ज, असलं काहीतरी. कन्नडात संकट आत होतं, जिवाची तगमग, आणि पोटात होणारी कालवाकालव पण संकटच. बेजारचं तर विचारूच नका, पुण्याचा माणूस दमून वैतागला की बेजार होतो, कन्नड बेजारु मात्र कंटाळ्यापासून दुखावल्या मनापर्यंत सगळीकडे चालतो आणि आपल्यात तो दोन्हीकडनं आलाय, त्यामुळे कोण कुठल्या मापाचं बेजार बोलतंय ते विचारावंच लागतं.

मी काय केलं, एक वही केली, चार रकाने. इंग्लिश शब्द, मराठी पुस्तकी शब्द, कन्नड शब्द, आणि चौथ्यात आमच्या गल्लीत खरंच काय म्हणतात ते. अँक्झायटी, चिंता, आतंक, आणि चौथ्यात "जीव खालीवर होतोय". चौथा रकाना परीक्षेत विचारत नाहीत, पण तोच सगळ्यात उपयोगी पडतो कारण समोरचा माणूस त्याच भाषेत बोलतो. आपल्या भावना बारकाईने वेगळ्या ओळखता येणं, नुसतं वाईट वाटतंय न म्हणता हे वाईट म्हणजे लाज आहे की राग की एकटेपणा ते कळणं, याला या शास्त्रात स्वतंत्र नाव आहे, इमोशनल ग्रॅन्युलॅरिटी. तीन भाषा असलेल्या पोरांना त्यासाठी कच्चा माल आयताच मिळालेला असतो, कुणी सांगत नाही एवढंच.

पेपर कुठल्या भाषेत लिहिता येतो ते युनिव्हर्सिटी आणि विषयावर असतं, लेखी विचारून घ्या. वर्गात सर कन्नडात समजावतील तेव्हा घाबरू नका, थांबवून विचारा, बहुतेक सर स्वतःच दोन्ही बोलतात.

५. थिअरीज ऑफ इमोशनमध्ये सगळी नावं मिक्स होतात. एका उदाहरणात सांगा की.

घ्या. खानापूरकडनं जंगलाच्या रस्त्यानं टू-व्हीलरवर येताय, संध्याकाळ आहे, वळणावर गवा उभा. छातीत धडधड, हातपाय गार, पोटात गोळा.

विल्यम जेम्सनं १८८४ मध्ये मांडलं की आपण घाबरतो म्हणून धडधडत नाही, धडधडतं म्हणून घाबरल्यासारखं वाटतं. शरीर आधी, भावना म्हणजे त्या शरीराची जाणीव. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या लांगेनं जवळपास तेच सांगितलं, म्हणून जेम्स-लांगे.

कॅनननं १९२७ मध्ये याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं, आतडी-पोट फार सावकाश हलतात, भावना त्याच्या आधीच येते. आणि धडधड तर ताप आल्यावर पण होते, रागात पण होते, मग नुसत्या धडधडीवरून ही भीतीच आहे हे कळणार कसं? म्हणून शरीर आणि भावना दोन्ही एकदमच सुरू होतात. बार्डनं यात भर घातली, म्हणून कॅनन-बार्ड.

शाक्टर आणि सिंगर, १९६२. धडधड आहेच, पण तिला नाव काय द्यायचं ते आजूबाजूला बघून ठरतं. समोर गवा आहे म्हणून ही भीती, तीच धडधड कबड्डीच्या फायनलला असती तर जोश म्हटलं असतं. त्यांनी लोकांना ऍड्रेनलिनचं, म्हणजे धडधड वाढवणारं, इंजेक्शन देऊन कुणाच्या शेजारी खूश तर कुणाच्या शेजारी चिडका माणूस बसवला होता, आणि शेजाऱ्याप्रमाणे त्यांची भावना ठरते असं सांगितलं. प्रयोग प्रसिद्ध आहे, पण नंतर ज्यांनी तो परत करून बघितला त्यांना तसा स्पष्ट रिझल्ट मिळाला नाही, ही एक ओळ उत्तरात लिहा, तपासणाऱ्याला कळतं की पोरानं गाइडच्या पुढं वाचलंय.

लॅझरसचं सगळं वजन अर्थ लावण्यावर. हे माझ्यासाठी धोक्याचं आहे का आणि मला निभावता येईल का? म्हणून जंगलखात्याचा गार्ड शांतपणे गाडी बंद करून उभा राहतो आणि तुम्ही यू-टर्न मारता.

गाइडमध्ये इथं थांबतात. पण गेल्या वीसेक वर्षातली लिसा फेल्डमन बॅरेट म्हणते की भीती म्हणून मेंदूत एक तयार बटण नसतंच, मेंदू जुन्या अनुभवावरून आणि शिकलेल्या शब्दांवरून ती त्या क्षणाला घडवतो. मला हे पटतं, वरच्या चार रकान्यांमुळे असेल, पण यावर भांडण अजून चालू आहे आणि पेपरात दोन्ही बाजू लिहायच्या.

६. चेहऱ्यावरच्या भावना जगभर सारख्या असतात असं पुस्तकात आहे, हे फायनल आहे का?

नाही. पॉल एकमननं १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवून आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस हे सहा बऱ्यापैकी ओळखले जातात असं दाखवलं. पण त्याच अभ्यासात भीती आणि आश्चर्य एकमेकांत मिसळत होते, हे गाइडमध्ये गाळतात.

७. नाट्यशास्त्रातले रस उत्तरात लिहिले तर मार्क कापतात का?

नीट लिहिलं तर कापायचं कारण नाही, भारतीय मानसशास्त्राचा भाग सिलॅबसमध्ये असेल तर मिळतील पण. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी (म्हणजे येऊन-जाऊन असणारे) आणि आठ सात्त्विक (शरीरावर दिसणारे) असे एकोणपन्नास मोजलेत. रस आठ, नववा शांत नंतर आला. सात्त्विक भावांची यादी बघा, घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणं, अश्रू. जेम्स वाचल्यावर ती परत वाचली की मजा येते. फक्त एक करू नका, "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" असं लिहून मोकळं होऊ नका. रस हा बघणाऱ्याचा अनुभव आहे, गव्यासमोरच्या माणसाचा नाही. प्रश्न वेगळा होता त्यांचा.

८. गणित कच्चं आहे. स्टॅटिस्टिक्स किती असतं?

असतं. मीन, मीडियन, स्टँडर्ड डिव्हिएशन, कोरिलेशन, पुढे टी-टेस्ट. दहावीच्या गणितावर निघतं, कॅल्क्युलेटर चालतो का तेवढं विचारून ठेवा. टाळलं तर मात्र आयुष्यभर कुणीही कसलाही सर्व्हे तोंडावर मारेल आणि तुम्ही मान डोलवाल.

९. ऍबनॉर्मलचे चॅप्टर वाचताना मला सगळंच झालंय असं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

प्रत्येक बॅचला होतं. मेडिकलच्या पोरांना पण होतं, त्याला मेडिकल स्टुडंट सिंड्रोमच म्हणतात. कारण साधं आहे, झोप न लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं ही लक्षणं सुटी सुटी सगळ्यांना असतात. आजार ठरतो तो किती दिवस, किती जोरात आणि त्यानं तुमचं काय अडलं यावर. डिप्रेशनला डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांच्या आजारांच्या पुस्तकात, नऊ लक्षणं दिलीत, त्यातली निदान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक हवंच. इंटरनलच्या आदल्या रात्रीची उदासी यात बसत नाही.

पण हे वाचून स्वतःला टाळू पण नका. दोन-तीन आठवडे खरंच जेवण-झोप बिघडली असेल, कॉलेजला जाववत नसेल, तर सिंड्रोम म्हणून हसण्यावारी नेऊ नका, टेली मानसला फोन करा, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत पण बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि अजून आपल्याकडच्या निम्म्या पोरांना नंबर माहीत नाही.

१०. पीएचक्यू-नाइन भरली, स्कोअर १६ आला. मला डिप्रेशन आहे ना?

एवढ्यावर सांगता येत नाही. पीएचक्यू-नाइन ही डिप्रेशन तपासायची प्रश्नावली, त्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन, म्हणजे जास्तीत जास्त २७. १६ हा दुर्लक्ष करण्यासारखा आकडा नाही, डॉक्टरला दाखवावं असाच आहे. पण ही चाळणी आहे, निदान नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं यानं पण तेच थकलेपण येतं. आणि नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे, त्याला शून्य सोडून काहीही टिक केलं असेल तर बेरीज बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला, १३ वाचा.

११. प्रॅक्टिकलसाठी मैत्रिणीची टेस्ट घेतली, तिचा स्कोअर वाईट आला. तिला सांगू का?

जर्नलसाठी घेतलेली टेस्ट शिकण्यासाठी असते, तिच्यावरून कुणाचं काही ठरवायचं नाही, आणि हे टेस्टच्या आधीच तिला सांगायला हवं होतं. आता मॅडमना नाव न घेता विचारा. जर्नलमध्ये खरं नाव कधीच लिहू नका. आमच्या वेळी एकानं लिहिलं होतं, जर्नल अख्ख्या वर्गात फिरलं, आणि त्या मुलीनं नंतर कुणालाच सब्जेक्ट व्हायला, म्हणजे टेस्ट द्यायला, होकार दिला नाही. बरोबर केलं तिनं.

१२. आजोबा जाऊन चार महिने झाले, आई अजून रडते. हे दुःख की डिप्रेशन?

चार महिन्यांत रडणं हे दुःखच आहे बहुतेक. दुःख लाटांसारखं येतं, मध्ये आई हसते, जेवते, आजोबांच्या गमती सांगते. डिप्रेशनमध्ये ते मधलं हसू जातं आणि "मीच वाईट" असं स्वतःवर उलटतं. जुन्या डीएसएममध्ये मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सहसा डिप्रेशन म्हणायचं नाही असं होतं, २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती अट काढली आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या दुःखाला वेगळं नाव मिळालं, मोठ्या माणसांसाठी निदान वर्ष झालेलं असावं लागतं, तर आयसीडी-११ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, सहा महिने. म्हणजे सातव्या महिन्यात एका पुस्तकाप्रमाणे विचार करता येतो आणि दुसऱ्याप्रमाणे नाही! रेषा माणसांनी आखलेल्या आहेत, एवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडे दिवस, मासिक, वर्षश्राद्ध असं दुःखाचं कॅलेंडर आधीच आहे, आई त्यात आहे का ते बघा. जेवण सुटलं, उठवेना, मरणाचं बोलू लागली तर महिने मोजत बसू नका.

१३. रूममेट जीव द्यायचं बोलते. मी फक्त सेकंड सेमला. काय करू?

सेमचा इथं संबंध नाही. तिला सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात विचार भरतो हे खोटं आहे, उलट माणूस मोकळा होतो. कसं करायचं ठरवलंय का तेही विचारा. गावाकडच्या घरात शेतीचं औषध हाताशी असतं, ते कुलपात गेलं पाहिजे. एकटं सोडू नका. "कुणाला सांगू नको" अशी शपथ घेऊ नका, घेतली असेल तर मोडा. १४४१६ लावा, वेळ अगदी हातात नसेल तर ११२, आणि बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलला घेऊन जा. धारवाडची मनोरुग्णांची सरकारी संस्था, डिमहान्स, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची.

आणि तुम्ही तिची काउन्सेलर नाही. माणसापर्यंत पोचवायचं, तिथं तुमचं काम झालं.

१४. काकूच्या अंगात येतं. पुस्तकाप्रमाणे हा आजार ना?

घाई नको. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला गेलात तर कितीतरी जणींच्या अंगात येताना दिसेल, दुसऱ्या दिवशी त्या भाकरी थापत असतात. आयसीडी-११ मध्ये अंगात येण्याचा आजार आहे, पण अट अशी की ते स्वतःच्या मनाविरुद्ध, नकोसं आणि समाजाच्या रूढ धार्मिक प्रथेच्या बाहेरचं असलं पाहिजे, आणि त्यानं त्रास व्हायला पाहिजे. जत्रेत, आरतीत येतं आणि उतरतं, तर प्रथा. मंगळवारी दुपारी कारण नसताना येतं, काकूला आठवत नाही, भीती वाटते, घरकाम सुटलंय, तर डॉक्टर. फिट्स नाहीत ना तेही बघायला लागतं. आणि घरात काकूला पुस्तक दाखवून "तुला डिसऑर्डर आहे" म्हणायला जाऊ नका, मी गेले होते, दिवाळीपर्यंत बोलणं बंद होतं.

१५. बीए झाल्यावर टिळकवाडीत गाळा घेऊन "सायकॉलॉजिस्ट" बोर्ड लावता येईल का?

नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला बीए, एमए आणि त्यावर हॉस्पिटलात सुपरव्हिजनखालचं क्लिनिकल ट्रेनिंग लागतं आणि आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, रजिस्टरला नाव. त्या कोर्सचे नियम सध्या बदलतायत, म्हणून कुठल्याही इन्स्टिट्यूटचं ऐकून पैसे भरू नका, आरसीआयच्या यादीत त्या इन्स्टिट्यूटचं नाव स्वतः बघा. तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर क्लिनिक उघडणारे बघितलेत मी. त्यांच्याकडनं परत आलेली माणसं पण बघितलीत.

१६. मग बीएचा उपयोग काय?

शाळा, एनजीओ, एचआर, बीएड, एमएसडब्ल्यू, स्पर्धा परीक्षा. आणि सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ज्याचं देशाचं मॉडेल आपल्याच राज्यात, बळ्ळारीत, १९८० च्या दशकात तयार झालं. तिथं पुढचं शिक्षण लागतं, पण कन्नड, मराठी दोन्ही बोलणारा माणूस या भागात सोन्यासारखा. मनोचैतन्य म्हणून तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचार डॉक्टर येतात, एकदा जाऊन बाहेरच्या बाकावर बसा, लोक डॉक्टरला कुठल्या शब्दात सांगतात ते ऐका. बहुतेक डोकं जड, अंग दुखतं, झोप नाही, इथूनच सुरू करतात.

१७. महाराष्ट्रात ऍडमिशन घेऊ की इथंच? तिकडे चार वर्षं आहेत म्हणतात.

कर्नाटकानं नवीन शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची डिग्री २०२४-२५ पासून बंद करून परत तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात चार वर्षांची ऑनर्स डिग्री आहे, तिथंही तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. पुढे परदेशी किंवा थेट पीएचडी डोक्यात असेल तरच चौथ्या वर्षाचा विचार करा. सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी महाराष्ट्रात काही कोर्सला वेगळी सवलत असते, पण ती आपोआप मिळत नाही, गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो आणि तो काढायला चार चकरा होतात. कागद मे महिन्यातच गोळा करा.

आणि कोल्हापूरला गेलात तरी चार रकान्यांची वही न्या. तिथल्या मॅडमनी मला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "बेजार आलं म्हणजे नक्की काय गं?"